'आंधळ्याले फोटोचं काय करायचं?' या फॉरवर्डला उत्तर

आमच्या इकडच्या गावागावातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरून राहिला. त्यात लिहिलं आहे की अंध माणसानं फोटोवाल्या ग्रुपमध्ये कशाले यावं, फोटो त्याच्या काय कामाचा, अन् वर्णन लिहा म्हणून बाकीच्यांना तरास देऊ नये, कामाचं असलं तर घरचे सांगतातच, आता तर एआय सगळं वाचून दाखवते, अन् जे अंध स्वतः फोटो टाकतात त्यांचा फोन दुसराच कोणी चालवते. माझ्या ओळखीच्या चांगल्या चांगल्या लोकांनी हे पुढे ढकललं म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितो. मी यवतमाळ जिल्ह्यातला, घरी शेती, दिसणं लहानपणापासून कमी होत होत आता फक्त उजेड-अंधार कळते, फोन टॉकबॅकवर, म्हणजे पडद्यावरचं वाचून बोलून दाखवणाऱ्या सोयीवर चालवतो.

पहिला मुद्दा, फोटो आमच्या कामाचा नाही. आता गावाच्या ग्रुपवर दिवसभर काय येते ते पहा ना. ग्रामसभेची नोटीस, राशन कधी वाटणार, लाइन किती वाजता जाणार, सोयाबीन अन् कापसाचा भाव, लग्नाची पत्रिका. हे सगळं मुळात अक्षरच आहे, पण कागदाचा फोटो काढून टाकला की टॉकबॅक मला पाठवणाऱ्याचं नाव, 'फोटो' अन् वेळ एवढंच सांगते. सगळ्यात वाईट वाटते ते मयतीच्या बॅनरचं. बॅनर येतो, खाली धडाधड 'भावपूर्ण श्रद्धांजली' पडत जाते, पण गेलं कोण हे एकही जण लिहीत नाही, मग मी कोणाला तरी फोन लावून विचारतो की बाप्पा कोण गेलं, अन् तोवर कधी कधी माती होऊन गेलेली असते.

अन् शेतीचं तर सगळं फोटोवरच आलं. 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली, शेतात उभं राहून मोबाइलनं पिकाचा फोटो काढायचा तेव्हा सातबाऱ्यावर पेरा चढते. ज्यानं फोटो आमच्या कामाचा नाही असं लिहिलं त्यानं हा पेरा कसा चढवायचा तेही लिहायला पाहिजे होतं.

कामाचं बाजूला ठेवलं तरी, पोळ्याच्या दिवशी ग्रुप नुसता भरून वाहते. कोणाच्या बैलाची झूल कशी, शिंगाला बेगड कोणत्या रंगाची, कपाळावर मठाठ्या कोणी बांधल्या. झडत्यांचे, म्हणजे पोळ्यात म्हणतात त्या गाण्यांचे ऑडिओ येतात ते मी पोटभर ऐकतो, फोटोचं मात्र फोटो, फोटो, फोटो. एका वर्षी गल्लीतल्या एका काकांनी जोडी विकायच्या आधीचा शेवटचा फोटो टाकला होता, सगळे हळहळले, अन् मी त्याच ग्रुपमध्ये असून मला दुसऱ्या दिवशी पारावर कळलं. त्या दिवशी काकांशी दोन शब्द मीही बोललो असतो. ज्या गावात मी जन्मलो त्याच्या सुखदुःखात मला जागा पाहिजे, अन् ते सुखदुःख आता फोटोतूनच येऊन राहिलं.

तरास होते म्हणतात. फोटो टाकताना खालच्या कॅप्शनमध्ये एक ओळ टाइप करायची, 'सोमवारी सकाळी 10 ला पंचायतीत ग्रामसभा, विषय पाणीपुरवठा', एवढंच. फेसबुक-इन्स्टाग्रामवर तर त्यासाठी अल्ट टेक्स्टची, म्हणजे फोटोचं वर्णन लिहायची वेगळी जागाच दिली आहे, इन्स्टाग्रामवर 2018 पासून. ती ओळ माझ्याएवढीच त्या आजीच्याही कामी पडते जिला मोतीबिंदूमुळे बारीक अक्षर दिसत नाही. अन् आपल्या अमरावतीच्या मातीतले गुलाबराव महाराज आठवा, 1881 चा जन्म, तान्हेपणीच डोळे गेले, 34 व्या वर्षी देह ठेवला अन् तेवढ्यात शंभराच्या वर ग्रंथ. लोकांनी त्यांना वाचून दाखवलं, ते बोलले ते लिहून घेतलं. त्याला कोणी तरास म्हटलं नाही.

घरचे सांगतात, खरं आहे, माझी बायको सांगते, पोरगी सांगते. पण ते वावरात असतात, शाळेत असतात, अन् प्रत्येक गोष्ट घरच्यांच्या तोंडून ऐकायची म्हणजे माझं खासगी काहीच उरत नाही. बँकेचा कागद, डॉक्टरचा रिपोर्ट, दोस्तानं फक्त मला पाठवलेला फोटो, हे सगळं आधी दुसऱ्यानं पाहायचं का? 30 एप्रिल 2025 ला सुप्रीम कोर्टानं केवायसीच्या, म्हणजे बँकेत वगैरे ओळख पटवायच्या केसमध्ये सांगितलं की डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. त्या केसमध्ये एक अर्जदार अंध होते, अन् अॅसिड हल्ल्यात चेहरा अन् डोळे भाजलेल्या बाया होत्या ज्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवायला सांगत होते.

एआयचं म्हणाल तर मी रोज वापरतो अन् त्याचे उपकारच मानतो. फेसबुकनं 2016 मध्ये फोटोत काय आहे ते आपोआप सांगणं सुरू केलं, बी माय आईज नावाच्या अॅपमध्ये 2015 पासून डोळस माणसं व्हिडिओ कॉलवर मदत करतात अन् 2023 पासून एआयही आलं. पण एआय मला सांगते 'सजवलेले दोन बैल, मागे माणसं'. ती काकांची जोडी आहे अन् उद्या जाणार आहे हे त्याला कुठून कळणार, ते टाकणाऱ्यालाच माहीत असते. फळ्यावर हातानं लिहिलेलं मराठी असलं की ते कधी चुकीचंही वाचते अन् इतक्या ठामपणे की शंकाही येत नाही, औषधाच्या चिठ्ठीवर मी म्हणूनच विश्वास ठेवत नाही. शिवाय नेट पाहिजे, आमच्या वावरात रेंज नसते.

राहिला शेवटचा, फोन दुसरा चालवते म्हणे. सगळ्या अंधांना पूर्ण काळोखच असते असं नाही. 2016 च्या दिव्यांग कायद्यात चष्मा लावून चांगल्या डोळ्याची नजर 3/60 पेक्षा कमी असली, म्हणजे बाकीच्यांना 60 मीटरवरून दिसते ते त्याला 3 मीटरवरूनही दिसत नसलं, तरी तो माणूस अंधच धरतात. म्हणून एखादा नाकाला फोन लावून पाहताना दिसला तर त्याला ढोंगी म्हणू नका. ज्याला अजिबात दिसत नाही तोही फोटो काढते, आयफोनचा कॅमेरा तर चौकटीत किती चेहरे आहेत ते बोलून सांगते. मुंबईत पार्थो भौमिक यांनी 2006 पासून अंध लोकांना फोटोग्राफी शिकवणं सुरू केलं. माझ्या तुरीचे फोटो मीच काढतो, शेंगा हातानं चाचपून, फोन छातीशी धरून, ऊन पाठीवर घेऊन. ज्याला खोटं वाटते त्यानं वावरात यावं, समोर काढून दाखवतो.