‘विकलेला माल परत नाही’ छापलं म्हणून जबाबदारी संपत नाही

आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, आमच्याकडच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं असं: पावतीवर ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असं छापलं की दुकानदार मोकळा, पक्कं बिल मागाल तर जीएसटी वरून द्यावा लागेल, केस म्हणजे वकिलाची भर, आणि शेतकरी तर कायद्याने ग्राहकच नाही. माझ्या वडिलांचं जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याला कृषी सेवा केंद्र, म्हणजे बी-बियाणं आणि खतांचं दुकान, होतं. गल्ल्याशेजारी बसून मी लहानाची मोठी झाले, म्हणून हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी ती छापलेली ओळ. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 हा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष माल परत घ्यायला आणि पैसे परत करायला नकार देणं ही या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्यात, नसेल तर 30 दिवसांत पैसे परत करायचे. कायद्याने दिलेला हक्क छापखान्यातल्या एका ओळीने जात नाही.

यंदा ताई आखाजीला माहेरी येणार म्हणून आम्ही कूलर घेतला. तिसऱ्या दिवशी मोटर जळाल्याचा वास आला. ताईचं सहा महिन्यांचं बाळ घामाने भिजलेलं, आणि दुकानदार पावतीवरच्या त्याच ओळीवर बोट ठेवून उभा. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, दुकानात लेखी अर्ज दिला, त्याची पोच घेतली. चौथ्या दिवशी कूलर बदलून मिळाला. मात्र साडीचा रंग घरी गेल्यावर आवडला नाही, तर ती परत घेणं हा दुकानदाराचा चांगुलपणा. तो हक्क म्हणून मागता येत नाही, हेही स्पष्ट सांगते.

बिलाचं सांगायचं तर बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. आणि पाकिटबंद मालावरची एमआरपी सगळे कर धरूनच असते. त्यावर ‘बिलाचा जीएसटी’ म्हणून एक रुपयाही जास्त घेता येत नाही.

वकील लागतोच असं नाही. ग्राहकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या जिल्हा ग्राहक आयोगात स्वतः बाजू मांडता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. कंपनी मुंबईची असली तरी तुम्ही जळगाव जिल्ह्यात राहता, तर तक्रार जळगावलाच करता येते. मुदत 2 वर्षांची.

सगळ्यात जास्त राग येतो तो शेतकऱ्याबद्दलच्या वाक्याचा. पीक विकायला पिकवतो म्हणून तो ग्राहक नाही, हा युक्तिवाद बियाणं कंपन्यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनच्या खटल्यात 2012 साली न्यायालयाने तो फेटाळला. तपासणीसाठी बियाण्याचा नमुना शेतकऱ्याने जपून ठेवला नाही, ही सबबही चालली नाही. पेरणीला आणलेलं बियाणं माणूस पेरणारच ना! तेव्हा कपाशीचं बियाणं उगवलं नाही तर चोपड्याचा शेतकरीही आयोगात जाऊ शकतो.

युरियाच्या गोणीबरोबर नको असलेलं पिकावरचं औषध गळ्यात मारतात, ज्याला आपण लिंकिंग म्हणतो, तेही बेकायदेशीर आहे. एक वस्तू घेतली तरच दुसरी मिळेल ही अट कायद्यात प्रतिबंधक व्यापारी प्रथा म्हणून नोंदलेली आहे.

बियाणं उगवलं नाही तर आधी तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार करा, पंचनामा करून घ्या, त्याची प्रत मागा. वडील प्रत्येक गिऱ्हाइकाला पावती देताना सांगायचे, “भाऊ, पिशवी टाकू नको, टॅग फाडू नको, मूठभर बियाणं डब्यात ठेव. माझ्याकडून चूक झाली तर हेच घेऊन ये.”