सगळं बिल शंभर कंपन्यांच्या नावावर

दर काही महिन्यांनी एक फॉरवर्ड नव्याने फिरू लागतो: "जगातलं ७१ टक्के प्रदूषण फक्त १०० कंपन्या करतात. तुम्ही बसने जा, उरलेलं अन्न संपवा, काडीचा फरक पडणार नाही. या सवयींचं खूळ कंपन्यांनीच तुमच्या डोक्यात भरवलंय. बदल होईल तो फक्त कायद्याने." यातला एक दावा बऱ्यापैकी खरा आहे, आणि त्याच्या आडून बाकीचे खपून जातात.

आधी आकडा बघू. तो २०१७ च्या ‘कार्बन मेजर्स’ अहवालातला आहे. १९८८ पासूनच्या औद्योगिक हरितगृह वायूंपैकी ७१ टक्क्यांचा माग १०० उत्पादकांपर्यंत लागतो, असं तो सांगतो. म्हणजे हे ‘सगळं प्रदूषण’ नव्हे. जंगलतोड, गुरांचा मिथेन त्यात धरलेला नाही. शिवाय हे शंभर जण कोळसा, तेल आणि वायू काढणारे आहेत, आणि त्यांत सरकारी कंपन्यांचा भरणा मोठा आहे. फॉरवर्डने गाळलेली खरी गोष्ट पुढेच आहे: त्यातलं सुमारे ९० टक्के उत्सर्जन इंधन विकून झाल्यावर, ते जाळताना होतं. वीजकेंद्रांत, कारखान्यांत आणि आपल्या गाड्यांत.

एक लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो. ते जळल्यावर तयार होणारा कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे २.३ किलो. वजन वाढतं, कारण पेट्रोलमधल्या कार्बनच्या एकेका अणूला हवेतल्या ऑक्सिजनचे दोन-दोन अणू जोडले जातात. अहवालात हा वायू तेल कंपनीच्या खात्यावर पडतो, बाहेर पडतो तो माझ्या सायलेन्सरमधून. टाकीत ते पेट्रोल कोणी जबरदस्तीने ओतलेलं नसतं. (जिथे बसच येत नाही तिथल्या माणसाला हे ऐकवू नये, हेही खरं.)

"काडीचा फरक पडणार नाही" याला उत्तर उरलेल्या अन्नातच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घराघरांतून. हॉटेलं आणि दुकानं दोन्ही मिळूनही घरांच्या मागेच. इथे बिल फाडायला शंभर कंपन्या सापडत नाहीत.

अर्थात सगळ्या सवयी एका मापाच्या नसतात. फोनचा रिकामा चार्जर वर्षभर प्लगमध्ये राहिला तरी एक-दोन युनिट वीज खातो. वीस लिटर पाणी वीस अंशांनी तापवायला जवळपास अर्धं युनिट लागतं. म्हणजे चार्जरचं अख्खं वर्ष दोन-चार आंघोळींत फिटतं. चार्जर उपटत फिरणाऱ्यांची थट्टा करायची तर खुशाल करा, पण गिझरकडेही बघा.

आता ‘खूळ’. हा तो खरा दावा. ‘कार्बन फूटप्रिंट’ (आपल्या वागण्यामुळे किती कार्बन हवेत जातो त्याचा हिशेब) हा शब्द घरोघरी पोचवण्यात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींचा हात मोठा होता, आणि जबाबदारी स्वतःवरून ग्राहकावर ढकलणं कंपनीच्या सोयीचंच होतं. त्याचा राग यायलाच हवा. पण जाहिरात लबाड होती म्हणून पेट्रोलचा धूर हलका होत नाही. आणि पेट्रोल कमी भरल्याने तेल कंपनीचं भलं कसं होतं, हे अजून मला कोणी समजावलेलं नाही.

राहिला कायदा. तो हवाच. फक्त कायदा आणि सवय यांची कुस्ती लावायचं कारण नाही. स्प्रेच्या डब्यांतले सीएफसी वायू ओझोनचा थर खातात, असा इशारा मोलिना आणि रोलँड या रसायनशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये दिला. अमेरिकेतल्या लोकांनी असे स्प्रे घेणं कमी केलं, खप घसरला. बहुतेक स्प्रेंमधल्या सीएफसीवर तिथे बंदी आली ती त्यानंतर, १९७८ मध्ये. असे वायू जगभर आवरणाऱ्या माँट्रियल करारावर सह्या व्हायला १९८७ उजाडलं.