पर्वती म्हणजे काय जिम आहे का?

"आजी, मध्येच काय बसलाय? कडेला व्हा ना, राउंड तुटतो आमचा."

आज सकाळी पुण्यातल्या पर्वती टेकडीच्या पायऱ्यांवर माझ्या आईला हे ऐकावं लागलं. बोलणारा चांगला शिकलासवरलेला माणूस. आई काही बोलली नाही, मांडीवरची पिशवी उचलली आणि भिंतीकडे सरकली. तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

पायऱ्या 103च आहेत. पण चढलेल्यांना माहितीये, पायरी रुंद आणि तीही चढाची, एका पावलात होतच नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईने दर दहा-बारा पायऱ्यांनी टेकायचं, पदराने मान पुसायची, आवळासुपारी तोंडात टाकायची आणि पुन्हा उठायचं. याला कमी व्यायाम म्हणायचं का?

नानासाहेब पेशव्यांनी 1749 मध्ये वर देवदेवेश्वराचं देऊळ बांधलं आणि पानिपतानंतर पार खचलेल्या नानासाहेबांनी 1761 मध्ये प्राणही इथेच सोडला. थकलेली माणसं इथे पहिल्यापासून येतात. आणि 1929 मध्ये दलितांनी याच देवळात जाऊ द्या म्हणून सत्याग्रह केला, तेव्हा त्यांनी दगड खाल्ले. इथे कोणी यायचं हे ठरवणारे तेव्हाही होते. कुठे तो अन्याय आणि कुठे आमचं हे, मान्य. पण आईला कडेला व्हायला सांगणारा तो आवाज ऐकला आणि मला तेच आठवलं.

व्यायामवाल्यांनी येऊ नये का? यावं की. पहाटे उठून येतात, सोपं नाही ते. त्यांच्यातलीच एक मुलगी नंतर थांबली. "काकू, हात द्या," म्हणाली आणि स्वतःचा राउंड सोडून शेवटपर्यंत आईच्या चालीने चढली. वर पोचल्यावर आईने तिला सिंहगड कुठला ते दाखवलं, दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. फार बरं वाटलं बघून.

पण मग उतरताना तोच माणूस परत दिसला. आता दुसऱ्या एका आजोबांना "साइड, साइड" करत होता! आजोबांच्या हातात काठी. दिसत नाही का तुला?

तुमच्या ओळखीतलं कोणी तिथे राउंड मारत असेल तर आजच सांगा. बसलेलं माणूस दिसलं की त्याला उठवू नका, वळसा घालून जा. दोन्ही बाजूंनी भरपूर जागा आहे.