पिवळी पाटी आणि ‘हे काय, हितंच’

सातारकराला डोंगराचं काय कौतुक सांगता, हा माझा जुना डायलॉग. स्वयंपाकघराच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो, पाहुणे आले की यवतेश्वरचा घाट चढून कासला नेणं ठरलेलं, त्यामुळं मेहुण्याचा झुरिकहून फोन आला की "दाजी, या एकदा, आल्प्समध्ये जरा हायकिंग करू", तेव्हा मी म्हटलं अरे आम्ही डोंगरातलीच माणसं, तू आम्हाला काय चालायला शिकवतोस. आता अजिंक्यताऱ्यावर मी रोज सकाळी जातो हे खरं, पण गाडी पार वरच्या दरवाजापर्यंत जाते हे पण खरंच आहे ना. ते मेहुण्याला सांगायची काय गरज नव्हती.

तर गेलो. मुक्काम वेंगेन नावाच्या गावात, १,२७४ मीटर उंचीवर, आणि गावात बाहेरच्या गाड्यांना बंदी. खालच्या लाउटरब्रुनेनमधनं दातेरी रुळांची रेल्वे वर चढते, तीच काय ती सोय. पोवई नाक्यावर हॉर्न ऐकत म्हातारा झालेल्या माणसाला पहिल्या रात्री झोपच येईना, एवढी शांतता. ऐकू येतात त्या फक्त गाईंच्या गळ्यातल्या घंटा, आणि त्या पण आपल्यासारख्या नाहीत, चांगल्या देवळातल्या वाटाव्यात एवढाल्या. हिनं खिडकीतून स्टाउबबाखचा धबधबा बघितला आणि हरखून गेली, मेहुणा लगेच "ताई, २९७ मीटर". मी म्हटलं आमचा भांबवलीचा वजराई ५६० मीटर सांगतात. पहिली आणि शेवटची मॅच मी जिंकली ती हीच.

दुसऱ्या दिवशी केबल कारनं मॅनलिखेनला वर गेलो आणि तिथनं क्लायने शायडेगपर्यंत चालायचं होतं. समोर आयगर, मोंख, युंगफ्राऊ असे तिघं पांढरे पटके बांधून रांगेत उभे, मधला मोंख आणि युंगफ्राऊ चार हजार मीटरच्या वर. डोळे भरून बघत होतो तेवढ्यात ती पिवळी पाटी दिसली. तिकडं पाटीवर किलोमीटर लिहीतच नाहीत हो, वेळ लिहितात! दीड तासाच्या आतलाच आकडा होता. मला वाटलं हे आपल्या सोयीचंच झालं, दीड तास तर मी राजवाड्यावर भाजी घेताना उभा असतो.

पहिल्या वीस मिनिटांत कळलं की किलोमीटरच्या पाटीला निदान माणुसकी असते. तिथं चार किलोमीटर म्हणजे चार, तुम्ही तासात जा नाहीतर दिवसात, पाटी तुमची लायकी काढत नाही. ही पिवळी मात्र सरळ सांगते की धडधाकट माणसाला एवढा वेळ लागतो, आता तुम्ही कोण ते तुमचं तुम्ही ठरवा. आणि रस्ता अवघड असता तर बोललो पण असतो, पण सगळा जवळजवळ उताराचा, सपाट, एक बाई बाबागाडी ढकलत माझ्यापुढं निघून गेल्या. आतलं बाळ माझ्याकडं वळून बघत होतं. मग ऐंशीच्या घरातल्या एक आजी, दोन्ही हातात काठ्या, "ग्रुएत्सी" करून पुढं. तिकडं वाटेत भेटेल तो नमस्कार करतो आणि आपण उत्तर द्यायचं असतं, त्याला दम कुठनं आणायचा? मी ‘रामराम’वर आलो, त्याला श्वास कमी लागतो.

"दाजी, पाटीवरचा वेळ सपाटीला ताशी ४.२ किलोमीटर धरून काढतात, चढ-उताराचा हिशोब वेगळा," मेहुण्यानं माहिती पुरवली. "त्यात थांबणं धरलेलं नसतं."

थांबणं धरलेलं नसतं म्हणजे? मग माणूस डोंगरात जातो कशाला? आम्ही तर थांबायलाच जातो! हिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून आणलेली, ती खायची कधी, फोटो कधी काढायचे, बुटातला खडा कधी काढायचा, हे कुठल्या पाटीत बसवायचं? ज्या लोकांनी १९१२ साली आयगर आणि मोंखच्या पोटातनं बोगदा काढून ३,४५४ मीटरवर रेल्वे नेऊन ठेवली त्यांच्या देशात येऊन आपण पायी का चालतोय, हा प्रश्न मी तीनदा विचारला. तीनदा मला तिकिटाचा दर सांगितला गेला. मी चालायला लागलो.

(जाता जाता, पाण्याची बाटली विकत घेऊ नका. गावागावात लाकडी नाहीतर दगडी हौद असतात, वरून धार चालू, पिऊ नका अशी पाटी नसली तर बिनधास्त प्यायचं. मला हे तिसऱ्या दिवशी सांगण्यात आलं, तोवर फ्रँक गेले ते गेले, आणि एक फ्रँक शंभराला पण मिळत नाही.)

आम्हाला लागले पावणेतीन तास. हिला नाही, ही कधीच पुढं जाऊन स्टेशनवर कॉफी घेऊन बसलेली. "अहो, बरं वाटतंय ना?" असं सगळ्यांसमोर विचारलं. पुढच्या दिवशी म्यूरेनवरनं गिमेलवाल्डला उतरलो, त्या गुडघ्यांचं मी इथं लिहीत नाही.

पण तेव्हापासून मला आपल्याकडच्या म्हाताऱ्यांची किंमत कळली. बामणोली रोडला कुठल्या पण वस्तीवर विचारा, किती लांब आहे ओ? "हे काय, हितंच." बिडी वढंस्तवर. हाकंच्या अंतरावर. मग तुम्ही दोन टेकड्या चढता, एक ओढा ओलांडता, परत विचारता, परत ‘हे काय, हितंच’. साफ खोटं असतं, पण माणूस पोचतो. पिवळी पाटी खरं बोलते आणि दीड तास तुम्हाला खाते.

मागच्या पावसाळ्यात मेहुणा आला होता. घड्याळ, काठ्या, सगळा सरंजाम. भांबवलीला गाडी लावली आणि समोर आलेल्या आजींना त्यानं विचारलं, "आजी, वजराई किती लांब हाय?"

"ह्ये काय बाळा, हितंच की."

त्यानं स्टॉपवॉच चालू केलं आणि निघाला. मी टपरीवाल्याला म्हटलं, दोन चहा टाक, दोन्ही मलाच.