शुगरवाल्यांना गूळ कितीही चालतो? नाही चालत

आमच्या भावकीच्या ग्रुपवर दीड महिन्यात एकच मेसेज चार वेळा येऊन गेला. 'रोजच्या 8 वस्तू बदला, महिन्यात 5 किलो वजन घटवा.' भाकरी सोडा, ओट्स खा. भात सोडा, क्विनोआ खा. साखर सोडा, गूळ खा, शुगरवाल्यांनाही कितीही चालतो. शेंगदाण्याऐवजी बदाम, कारण कॅलरी निम्म्या. करडईच्या तेलाऐवजी ऑलिव्हचं, कारण त्यात चरबी नसते. साध्या मिठाऐवजी सैंधव. दुधाऐवजी बदामाचं दूध. फरसाण-बिस्किटांऐवजी फुटाणे-मुरमुरे. खाली हात जोडलेले आणि 'किमान 10 जणांना पाठवा'.

पहिल्या तीन वेळा मी न वाचताच पुढे सरकवला. चौथ्यांदा बारकाईनं वाचला तो आईचा रिपोर्ट हातात आल्यावर.

आई गंगाखेडच्या बाजूला गावी असते, मी परभणीत. तिला 11 वर्षांपासून शुगर आहे. गोळ्या वेळेवर घेते, पहाटे मारुतीच्या देवळापर्यंत चालून येते. उपाशीपोटीची साखर 130 ते 140 च्या घरात असायची. या वेळी 214 आली. गोळ्या त्याच, चालणं तेच. जेवणाचं विचारलं तर म्हणाली, "आता कामून रागावलीस? साखर तर सोडली की मी. गूळच टाकते चहात. मोबाईलवर आलंय, गुळानं शुगर वाढत नसती म्हणून."

म्हणून तिसरा मुद्दा आधी घेते. बाकीचे बहुतेक मुद्दे पैसे वाया घालवणारे आहेत, हा माणसाला दवाखान्यात नेणारा आहे.

गावी गेले तेव्हा आईचा चहा समोर बसून पाहिला. ढेपीवर बत्ता मारायचा, निघेल तो खडा उचलायचा आणि दूध फाटू नये म्हणून चहा खाली उतरवल्यावर टाकायचा. तो खडा मी वजनकाट्यावर ठेवला. 22 ग्रॅम. आधी ती 2 सपाट चमचे साखर घालायची, ती भरायची 10 ग्रॅमच्या आसपास. चमच्याला माप असतं, ढेपीच्या खड्याला नसतं. शिवाय गूळ चांगला असं एकदा मनानं घेतलं की हात सैल सुटतो.

आता आकडे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं 2017 साली भारतीय अन्नपदार्थांचे तक्ते प्रसिद्ध केले. देशभरातून नमुने गोळा करून 528 पदार्थ तपासलेले आहेत. कुणाला माझ्याशी वाद घालायचा असेल तर आधी ते तक्ते उघडून बसावं. त्यांत 100 ग्रॅम गुळाला साधारण 354 कॅलरी आहेत. साखरेला 400 च्या जवळपास. म्हणजे ग्रॅमला ग्रॅम लावला तर फरक आहे, पण थोडका. आईच्या कपात मात्र 40 कॅलरींच्या जागी 78 जात होत्या. दिवसातून तीन कप, म्हणजे 66 ग्रॅम गूळ. शिवाय दुपारी शेंगदाण्यांसोबत एक खडा, तो वेगळाच.

गूळ कशाचा होतो हे आपल्या भागातल्या माणसाला सांगावं लागू नये. गुऱ्हाळावर उसाचा रस आटवला की गूळ, कारखान्यात त्याच रसातली मळी वेगळी काढली की साखर. गोडी दोन्हींची एकच, सुक्रोजची. पोटात गेल्यावर त्याचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं आणि ग्लुकोज रक्तात उतरतं. ते ढेपीतून आलं की पोत्यातून, हे रक्ताला कळत नाही. 'नैसर्गिक' म्हणून जो पिवळाधमक गूळ आपण हौसेनं निवडून घेतो, तो रंग पुष्कळदा रस उकळताना हायड्रॉस नावाची रंग उजळवणारी रासायनिक पावडर टाकून आणलेला असतो.

गुळात लोह असतं, हे खरं. तेवढं मान्य. 100 ग्रॅमला 4.63 मिलिग्रॅम. पण आईच्या 22 ग्रॅमच्या खड्यातून मिळालं जेमतेम 1 मिलिग्रॅम, तेही चहात, आणि चहातलं टॅनिन लोह पुरतं अंगी लागू देत नाही. बाजरीच्या पिठात 100 ग्रॅमला 6.42 मिलिग्रॅम लोह आहे. 60 ग्रॅम पिठाची एक भाकरी खाल्ली तर पावणेचारच्या वर जातं, एक कणही गोड न खाता. लोहासाठी गूळ खा असं शुगरच्या माणसाला सांगणं चूक आहे, आणि 'कितीही चालतो' असं लिहून पाठवणं हा सरळ सरळ गुन्हा आहे असं मी म्हणेन. ज्याला शुगर नाही, त्यानं गुळाची पोळी खावी, संक्रांतीला तिळगूळ खावा, माझं काही म्हणणं नाही.

आता भाकरी. मेसेज सांगतो, भाकरीनं वजन वाढतं, ओट्सनं घटतं. 100 ग्रॅम ज्वारीला 334 कॅलरी. ओट्सच्या कुठल्याही साध्या पाकिटाच्या मागे पाहा, 380-390 च्या आसपास आकडा दिसेल. मग कमी कॅलरी कशात आहेत? तंतू, म्हणजे फायबर, दोन्हींत 10 ग्रॅमच्या जवळपास. ओट्समध्ये प्रथिनं जास्त, आणि त्यातल्या बीटा-ग्लुकॉन नावाच्या तंतूनं कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, हे सिद्ध झालेलं आहे. ज्याला आवडतात त्यानं खावेत. पण गावातल्या दुकानात ओट्स म्हणून जे मिळतं ते मसाल्याचं पाकीट असतं, दोन मिनिटांत शिजणारं, वर मिठाचा मारा. दाणा जितका बारीक आणि झटपट शिजणारा, तितकी साखरही रक्तात लवकर. आईनं रात्रीची भाकरी सोडून तेच सुरू केलं होतं. दहा वाजता भूक लागायची, मग गुळाचा खडा.

ज्वारीच्या बाबतीत मला राग यायचं आणखी एक कारण आहे. हे धान्य आमच्या दारात पिकतं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठानं इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेसोबत काम करून 2018 मध्ये 'परभणी शक्ती' हे वाण दिलं. नेहमीच्या ज्वारीत किलोला 30 मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं, या वाणात 45. जस्त 20 च्या जागी 32. पोषण वाढवण्यासाठी मुद्दाम तयार केलेलं देशातलं हे पहिलं ज्वारीचं वाण, आणि ते आमच्या जिल्ह्याच्या नावाचं. त्याच जिल्ह्यात माझी आई भाकरी सोडून पाकीट फोडत होती. ज्वारीत लायसिन हा प्रथिनांतला गरजेचा घटक कमी असतो, ही तिची खरी उणीव. पण ती भरून काढायला तुरीचं वरण, मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं आहेच. कोरडी भाकरी नुसत्या ठेच्याशी खाऊन उठलात तर ती चूक भाकरीची नाही.

क्विनोआचं म्हणाल तर पॉलिशच्या तांदळापेक्षा तो सरस आहे, हे नाकारत नाही. प्रथिनं 13 ग्रॅम, तांदळात 8 च्या आत. तंतू तर पाचपट. पण परभणी-हिंगोलीच्या घरात भाताचं ताट असतं कुठे? ताटात भाकरी मुख्य, भात शेवटी मूठभर. तो मूठभर बदलण्यासाठी किलोला शेकड्यांनी रुपये मोजण्यापेक्षा ज्वारीच्या कण्या ताकात शिजवा. जाता जाता चिआचंही सांगते, कारण आमच्या वहिनीनं तेही मागवलंय: ज्या ओमेगा-3 साठी चिआ घेता, ते जवसात चिआपेक्षा कमी नाही. जवसाची चटणी घरात असताना बाहेरून बी मागवायची गरज नाही.

शेंगदाण्याऐवजी बदाम, 'कॅलरी निम्म्या'. हे वाक्य लिहिणाऱ्यानं दोन्हींपैकी एकाचाही आकडा पाहिलेला नाही. त्याच तक्त्यांत 100 ग्रॅम शेंगदाण्याला 520 कॅलरी आणि बदामाला 609. प्रथिनं शेंगदाण्यात 23 ग्रॅमच्या वर, बदामात 18. बदामात कॅल्शियम आणि ई जीवनसत्त्व जास्त, हे खरं. पण शेंगदाण्याऐवजी तेवढेच बदाम खाल्ले तर कॅलरी घटणार नाहीत, वाढतील. शेंगदाण्यांचंही प्रमाण मूठभर, फार तर.

ऑलिव्हच्या तेलात चरबी नसते, यावर काय बोलायचं? तेल म्हणजेच चरबी. कुठल्याही तेलाच्या 1 ग्रॅमला 9 कॅलरी, मग ते इटलीचं असो की आमच्या घाण्यावरचं. ऑलिव्हच्या तेलात ओलिक आम्ल जास्त, करडईत लिनोलिक, हृदयाच्या दृष्टीनं दोन्ही तुपा-डालड्यापेक्षा बरी. करडई आमच्या काळ्या रानातलं रब्बीचं पीक, 'परभणी कुसुम' हे तिचं वाण इथंच निघालं. तेल कोणतं यापेक्षा ते महिन्याला घरात किती लागतं ते मोजा. आमच्याकडे चौघांत 5 लिटर लागत होतं, आता 3 मध्ये भागतं.

बदामाच्या दुधात बहुतेक पाणी असतं. कपभर गाईच्या दुधात 7-8 ग्रॅम प्रथिनं, त्या डब्यातल्या कपात जेमतेम 1. दूध पचत नसेल तर दही-ताक घ्या. लहान लेकरांना दुधाऐवजी हे पाजू नका.

सैंधवाचं मात्र हसून सोडण्यासारखं नाही. तेही सोडियम क्लोराइडच. रक्तदाबाला दोन्ही सारखीच, दिवसाला 5 ग्रॅमच्या आत. वेगळं एकच, साध्या पाकिटातल्या मिठात आयोडीन घातलेलं असतं आणि खड्याच्या सैंधवात ते पुरेसं नसतं. गलगंडाविरुद्ध आपल्या देशात 1962 पासून सरकारी कार्यक्रम चालू आहे, मिठात आयोडीन त्याच्यासाठीच आलं. गरोदर बाईला आयोडीन कमी पडलं तर पोटातल्या बाळाच्या मेंदूवर परिणाम होतो. माझी भावजय सातव्या महिन्यात आहे आणि तिच्या डब्यात गुलाबी खडे होते. मी ते उपवासाच्या डब्यात ठेवले आणि रोजच्या स्वयंपाकाला आयोडीनचं पाकीट फोडून दिलं.

फुटाणे-मुरमुऱ्यांचा आठवा मुद्दा बरोबर आहे. त्यात वाद नाही.

राहिले महिन्यातले 5 किलो. 1 किलो चरबीला ढोबळमानानं 7,700 कॅलरी धरतात. 5 किलोसाठी रोज 1,280 च्या आसपास कमी खावं लागेल, म्हणजे कित्येक बायकांच्या दिवसभराच्या जेवणातला मोठा भाग. भाकरीच्या जागी ओट्स ठेवून ते होत नाही.

आईचा गूळ आता ढेपीसकट मोठ्या काकूंकडे गेलाय. चहा बिनसाखरेचा घेते, पहिले आठ दिवस कपाळाला आठी होती. रात्री परत अर्धी भाकरी, वरण आणि अंबाडीची भाजी. डॉक्टरांनी महिन्याभरानं पुन्हा तपासायला सांगितलंय. ग्रुपवर मी तिसऱ्या आणि सहाव्या मुद्द्याखाली हेच आकडे लिहिले. ज्या भावानं चार वेळा मेसेज टाकला, त्याला वेगळा फोन करून सांगितलं की आपल्या ग्रुपवर शुगरची सात माणसं आहेत, दादा, त्यातली तीन तुझ्या घरची, त्यांना तू स्वतः फोन कर.