कणा नाही म्हणे कझाकस्तानला

परवा आमच्या घरच्या ग्रुपवर काकांनी लिहिलं की कझाकस्तानला कणाच नाही, सकाळी पुतिनशी हात मिळवायचा, दुपारी शी जिनपिंगशी आणि संध्याकाळी अमेरिकन कंपन्यांना तेल काढू द्यायचं. त्यावर चुलतभावानं भर घातली, सोव्हिएत फुटल्यावर आयते हातात आलेले अणुबॉम्ब ज्यांनी देऊन टाकले त्यांच्याकडून अजून काय अपेक्षा करायची. लगेच पाच-सहा अंगठे. मी कझाकस्तानातल्या अल्माटी शहरात ऑफिसात बसून हे वाचलं आणि डोकंच फिरलं. तिथेच उत्तर दिलं असतं तर दिवाळीला सांगलीत गेल्यावर अबोला झाला असता, म्हणून इथे लिहितोय.

हेच काका, भारतानं रशियाचं तेल घेतलं, क्वाडमध्येही बसलो आणि ब्रिक्समध्येही, की 'याला म्हणतात परराष्ट्र धोरण' असं लिहितात. मलाही त्याचा अभिमान आहे. पण मग तेच दुसऱ्यानं केलं की तो लाचार कसा? आपल्याला हिमालय आहे, तिन्ही बाजूंना समुद्र आहे, एवढी माणसं आहेत. कझाकस्ताननं १६ डिसेंबर १९९१ ला स्वातंत्र्य जाहीर केलं, सगळ्या सोव्हिएत प्रजासत्ताकांत शेवटी, तेव्हा यांच्याकडे काय होतं? रशियाशी साडेसात हजार किलोमीटरची सीमा, बहुतेक ठिकाणी नुसतं गवताळ माळरान. १९८९ च्या जनगणनेत कझाक ४० टक्के आणि रशियन ३८ टक्के, म्हणजे स्वतःच्याच देशात निम्मेसुद्धा नाहीत. पूर्वेला चीन, त्याच्याशी सीमा पक्की ठरलेली नाही. रेल्वे, पाइपलाइन सगळं मॉस्कोकडे तोंड करून. अशा देशानं पहिल्याच दिवशी कुणा एकाची बाजू घेऊन दुसऱ्याला शिंगावर घ्यायचं होतं का?

त्यांनी आधी सीमा कागदावर आणल्या. चीनशी १९९४ मध्ये मुख्य करार झाला, उरलेले तुकडे पुढच्या काही वर्षांत मिटवले, रशियाशी सही व्हायला २००५ उजाडलं. त्या काळात बरीच वर्षं परराष्ट्रमंत्री होते तोकायेव, म्हणजे आजचे अध्यक्ष, चिनी भाषा येणारा माणूस, बीजिंगच्या सोव्हिएत दूतावासात नोकरी केलेला. आणि काका, तुमच्या माहितीसाठी, फेब्रुवारी १९९२ मध्ये इथले पहिले अध्यक्ष नझरबायेव जुन्या सोव्हिएत देशांच्या बाहेर पहिल्यांदा गेले ते दिल्लीला. आपल्या अणुभट्ट्यांसाठी २०१५ च्या करारानं ५,००० टन युरेनियम देऊ केलं तेही यांनीच. तेव्हा कणा होता का नव्हता?

आता बॉम्ब. १,४०० च्या आसपास अण्वस्त्रं, १०४ एसएस-१८ क्षेपणास्त्रं, हे आकडे चुलतभावाला तोंडपाठ असतील, पण ती डागायचा अधिकार मॉस्कोकडे होता हे त्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि ज्या जमिनीवर बॉम्बच्या चाचण्या झाल्या तिथल्या माणसांना तो कधी भेटलेला नाही. आमच्या ऑफिसात अकाउंट्स बघणाऱ्या बाई सेमेईच्या आहेत, म्हणजे त्या चाचण्यांच्या जागेजवळच्या शहरातल्या. सांगतात, लहानपणी वर्गातून सगळ्यांना मैदानावर काढायचे, जरा वेळानं पायाखालची जमीन हलायची, आणि घरी गेलं की आई काचेच्या बशांवर आलेले तडे बघत बसलेली असायची. चांगल्या बशा मग आईनं कपाटातून काढून गादीत गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. आई पन्नाशीच्या आत कॅन्सरनं गेली, कशामुळे ते कुणी लिहून दिलं नाही. १९४९ ते १९८९, ४५६ चाचण्या. ओल्झास सुलेमेनोव्ह नावाच्या कवीनं १९८९ मध्ये हाक दिली तशी माणसं रस्त्यावर आली, आणि २९ ऑगस्ट १९९१ ला ती चाचण्यांची जागा बंद केली, सोव्हिएत युनियन अजून उभं असताना! त्याला बावळटपणा म्हणायचा? शेवटची अण्वस्त्रं एप्रिल १९९५ मध्ये गेली. अण्वस्त्रं सोडण्याच्या बदल्यात सुरक्षेची हमी देणाऱ्या १९९४ च्या बुडापेस्टच्या कागदाचं पुढे युक्रेनमध्ये काय झालं ते मला माहितीये, आणि इथल्या लोकांना ते आपल्यापेक्षा जास्त माहितीये, कारण तोच कागद त्यांच्याकडेही आहे.

कणाच बघायचा असेल तर जून २०२२ बघा. सेंट पीटर्सबर्गला पुतिन शेजारी बसलेले असताना तोकायेव म्हणाले की युक्रेनपासून तोडलेल्या लुहान्स्क आणि दोनेत्स्कला आम्ही मान्यता देणार नाही. तीन आठवडे होत नाहीत तोवर रशियातल्या नोव्होरोसिस्कच्या कोर्टानं कझाक तेल त्या बंदरापर्यंत नेणारी कास्पियन पाइपलाइन ३० दिवस बंद ठेवायचा आदेश काढला. अपिलात तो उठला, पण या देशाचं बहुतेक निर्यातीचं तेल त्याच नळीतून जातं. आपल्याकडे टीव्हीवर गर्जना केल्यावर कुणाचा नळ बंद होतो?

मी औषधं आयात करतो, त्यामुळे समुद्र नसणं म्हणजे काय ते मला रोज कळतं. न्हावाशेवाहून कंटेनर निघाला की इराणच्या बंदर अब्बासमार्गे रेल्वेनं आणायचा, का जॉर्जियातल्या पोतीला उतरवून बाकू आणि कास्पियनवरच्या अक्ताऊ बंदरावरून, का चीनकडून सीमेवरच्या खोर्गोसला, यावर सकाळी चर्चा सुरू होते. इराणमध्ये काही झालं की एक वाट बंद, कास्पियनला वादळ झालं की दुसरी खोळंबते. तेव्हा इराणशीही बोलायचं, तुर्कस्तानशीही, चीनशीही. इथल्या सरकारचं सगळंच मला पटतं असं नाही, जानेवारी २०२२ च्या दंगलीत याच शहरात गोळीबार चालू असताना आम्ही इंटरनेटशिवाय घरात बसून होतो ते विसरलेलो नाही. पण वाटा उघड्या ठेवण्यात यांचं चुकतंय असं मला एकदाही वाटलं नाही.

गंमत नाही, खरंच सांगतो, हे लिहिताना मला कळतंय की मी इतका का चिडलो. इथले मित्र कधीकधी विचारतात, तुमचा भारत सगळ्यांशी गोड का राहतो, तेव्हा मी भारताची बाजू अशीच घेतो, हेच मुद्दे, हाच आवाज. आणि सांगलीला गेलो की ऐकतो, तू आता तिकडचाच झालास. देशाला चारही दिशांना दोस्ती ठेवता येते, मला नाही येत, दोन्ही देश दुहेरी नागरिकत्व देत नाहीत आणि दर वेळी नव्या कागदांसाठी रांगेत उभं राहिलं की प्रश्न येतोच, इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करू का. मुलगी शाळेतून आली की कझाकमध्ये पाढे म्हणते, फोनवर मराठीत भांडते, तिला हा प्रश्नच पडत नाही, मला पडतो. नौरिझला, म्हणजे इथल्या वसंतातल्या नववर्षाला, शेजारी ताट भरून बौरसाक (तळलेले पिठाचे गोळे) आणून देतात आणि 'आपले लोक' म्हणतात तेव्हा मला खूप बरं वाटतं, आणि त्याच रात्री सांगलीची आठवण येऊन झोप लागत नाही.

पासपोर्ट मी भारताचाच ठेवलाय आणि सोडायचा विचार नाही. पण ज्यांच्यात राहतो, ज्यांच्या मुलांसाठी औषधं आणतो, त्यांना कुणी बिनकण्याचं म्हटलं तर मी गप्प बसणार नाही, मग काकांना राग आला तरी चालेल. हे सगळं मी दिवाळीला त्यांच्यासमोर बसूनही बोलणार आहे.