पूर ओसरल्यानंतरचं नुकसान

पूर ओसरून पीक पुन्हा हिरवं दिसलं की शेताचं कार्बन शोषण पूर्ववत झालं, असा एका लेखाचा सूर आहे. तो पटला नाही. खरी पडझड मुळांशी होते. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा सुमारे 10,000 पट हळू पसरतो. त्यामुळे तुंबलेल्या मातीतला साठा उबदार हवामानात एक-दोन दिवसांत संपतो आणि मुळं गुदमरतात. मग पानांवरची रंध्रं मिटतात, कार्बन डायऑक्साइड आत जाणंच कमी होतं. भोवती पाणी असूनही रोप माना टाकतं! अशा वेळी एखादं रोप उपटून बघा: मुळांची टोकं काळपट, मऊ पडलेली आणि मातीला कुजक्या अंड्यासारखा वास. पानांवर गाळाचा थर बसला असेल तर उन्हाचाही उपयोग होत नाही.

भाताची गोष्ट वेगळी, त्याच्या मुळांत हवेच्या पोकळ्या असतात. सब-1 जनुक असलेल्या जाती तर पूर्ण बुडूनही साधारण दोन आठवडे तग धरतात. मका, सोयाबीन, तूर यांना हे जमत नाही.

शिवाय हिशेब नुसत्या शोषणाचा नाही. पाणी साचून राहिलं तर मिथेन सुटतो, आणि माती वाळताना उरलेल्या नत्रातून नायट्रस ऑक्साइड, जो 100 वर्षांच्या मोजणीत कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 273 पट तापवतो. म्हणून पुरानंतर लगेच युरिया टाकण्याची घाई करू नका. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येऊ द्या, म्हणजे माती चिखल न राहता नुसती ओलसर होऊ द्या.